बसवलेला पाठ

“तुझा चौथा,” मी दिलावर मुल्लाला म्हणाले. “चौथ्या प्रश्नाला तू मूठ वर करायचीस. पंजा नाही, मूठ.”

“आणि बाकीच्यांनी?”

“बाकीच्यांनी पंजा. हात सगळ्या वर्गाने वर करायचे, तसं सकाळी सगळ्यांना सांगा. पण मी विचारणार मूठवाल्याला.”

“उत्तर काय सांगू?”

“वर्क.”

“वर्क,” दिलावर म्हणाला. मग त्याने डाव्या तळहातावर बॉलपेनने चारचा आकडा काढला आणि त्याभोवती गोल केला.

तासगावातल्या एका शाळेची आठवी ब. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. मी बारा मुलं थांबवून घेतली होती आणि तेरावी आपणहून थांबली होती. तिचं नाव सुनंदा ऐवळे. खिडकीजवळच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन ती सगळं ऐकत होती.

“बाई,” ती म्हणाली, “वर्क का? वर्क्स का न्हाई?”

“ते उद्या पाठात कळेल.”

“उद्या तर तुम्ही विचारणार आणि ह्यो सांगणार. मग कळणार कवा?”

“गप की गं,” दिलावर म्हणाला. “तुला नंबर न्हाई, तर कशाला मधी मधी?”

मी घड्याळ पाहिलं. सांगलीची गाडी सातला होती आणि अजून आठ मुलांची उत्तरं पाठ करून घ्यायची होती. मी म्हणाले, “सुनंदा, तू उद्या हात वर नाही केलास तरी चालेल.”

तिने मान हलवली आणि दप्तर घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी माझा बी.एड.चा वार्षिक पाठ होता. विषय इंग्रजी. चिठ्ठीत घटक निघाला होता, सब्जेक्ट-व्हर्ब अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कर्त्याप्रमाणे क्रियापद कसं बदलतं ते. मी रसायनशास्त्राची, पण बी.एड.ला दोन विषयांचे पाठ द्यावे लागत. शास्त्राचा पाठ मी आदल्याच वर्षी चांगल्या गुणांनी पास झाले होते. इंग्रजीच्या पाठात नापास झाले होते. पस्तीस मिनिटं मी प्रश्न विचारत होते आणि वर्ग माझ्याकडे पाहत होता. परीक्षकांनी शेरा लिहिला होता, ‘आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. विद्यार्थ्यांचा सहभाग नाही.’

ते वर्ष मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामी काम करून काढलं. उसाचा रस तपासायचा, साखरेचं प्रमाण वहीत लिहायचं. काम मला आवडत होतं, पण हंगाम मार्चला संपत होता आणि पुढच्या हंगामाला मला घेतील याची खात्री नव्हती. पलूसजवळच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्राच्या शिक्षिकेची जागा होती. तिथल्या मुख्याध्यापिका मला ओळखत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, “जूनपर्यंत जागा धरून ठेवते, हेमलता. त्यापुढे नाही जमायचं.” पाठात पुन्हा नापास झाले, तर बी.एड.चं अख्खं वर्ष नव्याने करावं लागणार होतं. मग ती जागाही गेली असती.

पाठ बसवायचा सल्ला निर्मला चौगुलेचा. तीही बी.एड.चीच, माझ्या खोलीत राहायची.

“नाटक बसवतात तसा बसवायचा,” ती म्हणाली. “आदल्या दिवशी जायचं, पोरांना उत्तरं वाटून द्यायची. लिमलेटच्या चार गोळ्या दिल्या की पोरं जीव देतात. सगळेच करतात गं! परीक्षकांनीसुद्धा त्यांच्या वेळी केलंच असणार.”

“मला एका दिवसात बारा नावं आणि बारा तोंडं लक्षात राहणार नाहीत.”

“मग?”

“मी नंबर देईन. प्रश्नाचा नंबर तोच मुलाचा नंबर. ज्याचा नंबर, त्याची मूठ. मला फक्त मूठ शोधायची.”

निर्मला हसत सुटली. “अगं, पोरं आहेत का टेस्ट ट्यूबा?”

मला मात्र ती पद्धत आवडली होती. तिच्यात चुकायला जागा नव्हती. तशीही आमच्या पाठटाचणाच्या वहीत एक रकाना असायचाच, ‘अपेक्षित उत्तर’. मूल काय बोलणार ते आपण आधीच लिहून ठेवायचं. रस तपासण्याआधी साखरेचा आकडा लिहून ठेवला असता, तर कारखान्यातल्या केमिस्टनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. हे तेव्हा माझ्या मनात आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

त्या रात्री मी वाक्यांच्या बारा पट्ट्या केल्या. कागदावर पोस्टर कलरने एकेक वाक्य लिहिलं, क्रियापदाची जागा रिकामी ठेवली आणि कागद खळीने पुठ्ठ्यावर डकवले. खळ जरा पातळ झाली होती. निजायच्या आधी मी पट्ट्या क्रमाने एकावर एक रचल्या आणि वर शब्दकोश ठेवला, म्हणजे सरळ राहतील.

*

पाठ बारा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. मागच्या बाकावर आम्हाला कॉलेजात अध्यापन पद्धती शिकवणारे कुंभोजकर सर आणि त्यांच्या शेजारी परीक्षक, कोल्हापूरच्या देशिंगकर बाई. साठीच्या जवळच्या, राखाडी सुती साडी, गुणपत्रकावर बोट ठेवून बसलेल्या. सकाळपासूनचा त्यांचा तो सातवा पाठ होता.

मी पहिली पट्टी लावली. माय ब्रदर, रिकामी जागा, टू स्कूल. पन्नास हात वर गेले. त्यांत एक मूठ.

“गोज, बाई.”

“गुड. माय ब्रदर गोज टू स्कूल. सिट डाऊन.”

दुसरी पट्टी पक्ष्यांची. मूठ. “फ्लाय.” गुड. तिसरी, शी आणि टी. मूठ. “ड्रिंक्स.” गुड. कुंभोजकर सरांनी मान डोलावली. माझा आवाजही बरा लागला होता. मला वाटलं, इतकं सोपं होतं तर मी वर्षभर कशाला झुरले?

मी पुढची पट्टी लावली. द काऊ, रिकामी जागा, ग्रास. मूठ दिलावरची.

“वर्क, बाई!”

“गुड,” मी म्हणाले. “द काऊ वर्क ग्रास. सिट डाऊन.”

मी हे म्हणाले, आणि मला ते ऐकूच आलं नाही. माझं लक्ष पुढच्या मुठीकडे होतं. पुढची पट्टी मुलींची, त्या गाणं गातात.

“ईट्स, बाई!”

“गुड. द गर्ल्स ईट्स अ साँग. सिट डाऊन.”

पुढची वडिलांची आणि वर्तमानपत्राची.

“सिंग!”

“गुड. माय फादर सिंग अ न्यूजपेपर.”

कुंभोजकर सर खोकले. देशिंगकर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. वर्गात कुणीही हसत नव्हतं. गाय गवत काम करत होती, मुली गाणं खात होत्या, वडील वर्तमानपत्र गात होते आणि पन्नास मुलं गंभीर चेहऱ्याने पुढच्या नंबरची वाट पाहत होती. काहीतरी बिघडलंय एवढं मला कळलं. काय, ते कळेना. वहीतल्या ‘अपेक्षित उत्तर’ रकान्यात तर हेच शब्द होते, याच क्रमाने.

मी पुढची पट्टी उचलली. हात वर गेले, सातवी मूठ दिसली. आणि खिडकीजवळ सुनंदा ऐवळे उभी राहिली. तिने हात वर केला नव्हता. ती नुसती उभी होती.

मी तिच्याकडे न पाहता मुठीकडे बोट करू शकले असते. पाच प्रश्न उरले होते, पाच मुठी. आपल्याच वाक्याला आपणच ‘गुड’ म्हणत पुढे जायचं. परीक्षकांनी हा गोंधळ नंतर कुठल्या रकान्यात टाकला असता, कुणास ठाऊक. गाडी निदान शेवटच्या प्रश्नापर्यंत गेली असती.

 मी हातातली पट्टी खाली ठेवली.

“काय गं, सुनंदा?”

“बाई, चौथा राहिला.”

“काय?”

“चौथा प्रश्न. शेतकऱ्यांचा. तुम्ही तो विचारलाच न्हाई. म्हणून सगळ्यांचं एकेक म्होरं सरकलंय.”

 “हिला कुणी विचारलंवतं?” असं कुणीतरी पुटपुटलं. मी मागे वळून तिसरी पट्टी खिळ्यावरून काढली आणि उलटी केली. चौथी पट्टी तिच्या पाठीला घट्ट चिकटलेली होती. रात्रीची पातळ खळ आणि वरचा शब्दकोश.

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. कुंभोजकर सरांनी डोळे मिटून घेतले होते. देशिंगकर बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

“हात खाली करा,” मी वर्गाला म्हणाले. “मुठीसुद्धा. सुनंदा बरोबर सांगतेय. काल आपण हा पाठ बसवला होता. तो फसला, आणि चूक माझी आहे, तुमची नाही. आता पंधरा मिनिटं उरलीत. आता नंबर नाहीत.”

“मग उत्तर कोण सांगणार?” दिलावरने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

मी पाठटाचणाची वही मिटली, पट्ट्या काढून टेबलाखाली ठेवल्या आणि फळा पुसला. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेत करते तेच केलं. दोन रकाने आखले. डावीकडे एकच, उजवीकडे अनेक.

“वाक्यं तुम्ही द्या. मराठीतच द्या. मी इंग्रजीत लिहिते.”

 मग मागून आवाज आला, “दिलावर झोपतोय!”

वर्ग हसला. मी डावीकडे लिहिलं, दिलावर स्लीप्स.

“लिव्हा मग, पोरं पळत्यात!” दिलावर म्हणाला. उजवीकडे, बॉइज रन.

मग थांबेनात. कुत्रं भुंकतंय. कुत्री भुंकत्यात. आई भाकरी करते. “बाई, आया भाकरी करत्यात असं पण लिव्हा, एकाच आईनं कशाला करायची?” चार वाक्यं डावीकडे, चार उजवीकडे.

“आता दिलावर, इकडे ये. जिथे जिथे शेवटी एस दिसतो, तिथे तिथे गोल कर.”

त्याने तळहातावर केला होता तसाच गोल, आठ वेळा केला आणि हात झटकत बाजूला उभा राहिला.  उत्तर सांगायचं नाही, फक्त थांबायचं, हे मी त्या दिवशी प्रथमच केलं. फार कठीण गेलं. घड्याळाचा काटा दिसत होता.

“बाई, पण हे चुकीचं हाय,” पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला. “आपल्यात मुलगा खेळतो आणि मुलगे खेळतात. दोन्ही बदलतं. मग इंग्लिशमधी बॉइजला एस, तर रनला पण एस पायजे.”

“पाहिजे, असं मलाही वाटतं. पण फळ्यावर काय दिसतंय?”

“फळ्यावर...” तो गोल मोजू लागला.

“एस एकच हाय,” सुनंदा म्हणाली. ती अजून उभीच होती. “ह्या बाजूला असला की त्या बाजूला न्हाई. घरात छत्री एकच असली, की कसं? आई घेऊन गेली तर आबाला न्हाई, आबा घेऊन गेला तर आईला न्हाई.”

सगळे वळून फळ्याकडे पाहू लागले. कुणी बोटाने हवेत मोजत होतं. “व्हय की रं,” एकजण म्हणाला. “आठीच्या आठी वाक्यात एकच छत्री!”

मला इंग्रजी व्याकरणाच्या सगळ्या नियमांत हे वाक्य कधी भेटलं नव्हतं. मी ते फळ्यावर तिच्याच शब्दांत लिहिलं, आणि मागून देशिंगकर बाईंचा आवाज आला. पाठ चालू असताना परीक्षक बोलत नसत. तो नियम होता.

“आणि मेन?” त्यांनी विचारलं.

मेन म्हणजे माणसं, अनेक. मी उजवीकडे लिहिलं, मेन वर्क. दिलावर खडू घेऊन पुढे सरसावला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गोल करायला कुठेच काही नव्हतं.

“बाई,” तो म्हणाला, “छत्री कुठं गेली?”

तेवढ्यात घंटा झाली.

*

शिक्षकांच्या खोलीत देशिंगकर बाईंनी मला समोर बसवलं. कुंभोजकर सर उभेच होते.

“अहो गोटखिंडे बाई, काय केलंत हे?” ते म्हणाले. “मूल्यमापन नाही, स्वाध्याय नाही, पाठ अर्धा! वर ‘आम्ही पाठ बसवला होता’ असं परीक्षकांसमोर?”

“सर, चहा सांगता का?” देशिंगकर बाई म्हणाल्या. सर गेल्यावर त्यांनी माझी वही उघडली. “कधी बसवलात?”

“काल. साडेपाच ते पावणेसात.”

“किती मुलं?”

“बारा.”

“आणि ती छत्रीवाली?”

“तिला वगळलं होतं.”

“का?”

मी खरं ते सांगितलं. “ती प्रश्न विचारते.”

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. “सकाळपासून सहा पाठ पाहिले. सहाही सुरेख. एकाही मुलाचं उत्तर चुकलं नाही. आठवीच्या वर्गात सहा पाठांत एकही चूक नाही, म्हणजे काय ते मला कळत नाही असं तुम्हा लोकांना वाटतं का?”

बाईंनी वहीतल्या ‘अपेक्षित उत्तर’ रकान्यावर बोट ठेवलं.

“आता मला सांगा. तुमची पहिली वीस मिनिटं धरू, की शेवटची पंधरा?”

शेवटची म्हणावं, असं वाटलं. शब्द ओठांपर्यंत आला होता.

“दोन्ही धरा,” मी म्हणाले. “दोन्ही माझीच आहेत.”

त्यांनी चष्मा घातला आणि वही माझ्याकडे सरकवली. “या तुम्ही.”

व्हरांड्यात दिलावर खांबाला टेकून उभा होता. रडून डोळे लाल. बाकीचे दहा-बारा मागे दाटीवाटीने.

“बाई, मी चौथा. मी चौथंच सांगितलं. तुम्ही नापास झाला का माझ्यामुळं?”

“तू बरोबरच सांगितलंस. मी चौथा विचारलाच नाही.”

“मग सुनंदीमुळं?”

“सुनंदामुळे तर मुळीच नाही.”

सुनंदा जरा लांब, नळाजवळ उभी होती. मी पिशवीतून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, त्या पाठ झाल्यावर वाटायच्या होत्या. तिने हात पुढे केला नाही.

“मला नंबर नव्हता.”

“आता कुणालाच नाही.”

तिने गोळी घेतली, पण खाल्ली नाही, फ्रॉकच्या खिशात टाकली. “निकाल कधी हाय?”

“जूनमध्ये.”

“सांगायला येशीला?”

“येईन,” मी म्हणाले.

*

मार्चमध्ये कारखान्याचा हंगाम संपला. एप्रिल आणि मे मी मोजून काढले. ताटातलं अर्धं तसंच राहायचं. निर्मला धीर द्यायची. “कुंभोजकर म्हणत होते, वाईट झालं नाही म्हणून.” मग तिला खोटं बोलता यायचं नाही. “म्हणजे, तसं ते काही म्हणाले नाहीत. चेहऱ्यावरून वाटलं.” निर्मलाचा पाठ दिमाखात पार पडला होता. तिला तिच्या आनंदाची माझ्यासमोर चोरी झाली होती.

निकाल जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागला. मी कॉलेजच्या खिडकीतून गुणपत्रक घेतलं आणि जिन्याखाली जाऊन उघडलं. इंग्रजी पाठ, शंभरपैकी एक्कावन्न. पास व्हायला पन्नास लागत. त्याला शेऱ्याचा कागद टाचलेला होता. आदल्या वर्षी त्यावर दोन ओळी होत्या. या वर्षी दोनच शब्द होते, ‘पाठ अपूर्ण.’

मी जिन्याच्या पायरीवर बसले.  चार महिन्यांनी पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली. समोरच्या गाड्यावर मी दोन वडापाव खाल्ले, मुख्याध्यापिकांना तार केली आणि पलूसची गाडी सोडून तासगावची पकडली.

मुलं आता नववीत होती. वर्गात कुणी शिक्षक नव्हते, नुसता गलका चालला होता. दारात मी दिसले तसा तो थांबला. दिलावर बाकावर चढून बसला होता, तो उतरला.

“बाई?”

मी गुणपत्रक वर केलं. “पास.”

मग जो आरडाओरडा झाला, त्याने शेजारच्या वर्गातले सर धावत आले. कुणी बाकं बडवत होतं. दिलावरने शेजारच्याच्या पाठीत इतक्या जोराने गुद्दा मारला, की तो बिचारा कळवळला. “म्हटलं नव्हतं मी? चौथंच बरोबर होतं!”

सर माझ्याकडे पाहून हसले, “पाच मिनिटं गप्प बसवता का यांना?” म्हणून परत गेले. सुनंदा खिडकीजवळच्याच बाकावर होती. तिने आरडाओरडा ओसरू दिला, आणि मग उभी राहिली.

“बाई, मेनचं राहिलंय.”

“काय?”

“छत्री कुठं गेली, ते. घंटा झाली तवा.”

पन्नास तोंडं माझ्याकडे वळली. पंजे, मुठी, सगळं खाली. कुणाच्याच हातावर काही लिहिलेलं नव्हतं.

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि खडू शोधला.